चांदी कुणाच्या नावावर?

(मूर्तिजापूर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



टेबलावर मांडलेली कानातली तुम्ही पाहिलीत. पऱ्हाटीचं बोंड, तुरीची शेंग, पळसाचं पान. आपल्या गटातल्या सात जणींनी ती चांदीत घडवली. मुशीत चांदी वितळवणं, जंतराच्या भोकांतून तार ओढणं, टाकणखार लावून झाळणं, हे सगळं त्या सहा महिन्यांत शिकल्या. ऐरणीजवळ बाईचं काय काम, असं विचारणारे आता कानातल्यांचे भाव विचारतात!

दागिन्यात रान आणणं आपल्याला नवीन नाही. बोरमाळ, चाफेकळी, जोंधळी पोत, पायातली मासोळी, नावंच बघा. शिकवणाऱ्या बाईंनी जपानी कामाची चित्रंही दाखवली. तिथे चांदी-तांब्याचे पत्रे एकावर एक जोडून, कोरून आणि ठोकून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटवतात. त्याला मोकुमे-गाने म्हणतात. मुळात हे काम तलवारीच्या साजाचं. १८७६ साली तिथल्या सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली, तेव्हा असे कितीतरी कारागीर शोभेच्या वस्तू आणि दागिन्यांकडे वळले. हे ऐकून एक ताई म्हणाली, "मंग आपल्या सोनारायचं बी तसंच झालं नं, मशिना आल्यावर?" झालंच की.

पण हात बदलले म्हणून मालकी बदलते असं नाही. आपल्या जवळचं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं, तिकडे कोल्हापूरकडे हुपरी. हुपरीत पैंजणांच्या कड्या आणि घुंगरं जोडण्याचं काम कितीतरी बायका घरी बसून करतात. दुकानाच्या पाटीवर मात्र त्यांचं नाव नसतं. त्यांना कारागीरसुद्धा कुणी म्हणत नाही, 'घरबसल्या चार पैसे' म्हणतात.

घालणारीचं तरी काय? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी दलित स्त्रियांना जात ओळखू येईल असे जुन्या वळणाचे जड दागिने टाकून द्यायला सांगितलं. अंगावरचा डाग ही नुसती हौस नसते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आणि घरातली अडचण आली की पहिली नजर त्या डागावरच जाते. माझ्याकडे आलेल्या एका बाईचे चांदीचे तोडे मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी गहाण पडले. आईने दिलेले तोडे, पण गहाणाची पावती नवऱ्याच्या नावावर. पुढे मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली तेव्हा पुरावा म्हणून लग्नाचा एक फोटो उरला होता. फोटोत तोडे दिसत होते, वजन दिसत नव्हतं. दोन वर्षं खेटे घातल्यावर हाती फक्त जोडवी आली.

कायदा तिच्याच बाजूचा होता. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन तिचं एकटीचं. सासरी ठेवलं म्हणून ते सामाईक होत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी ते परत करण्याचा आदेश देऊ शकतात. पण कोर्टात वजन लागतं, कागद लागतो.

म्हणून आता थोडं कडू बोलते, रागावू नका. गटाच्या कर्जातून आपण चांदी घेतली. मागच्या आठवड्यात मी बिलं चाळली, तर तीनही बिलं एका ताईच्या यजमानांच्या नावावर. "व्यापारी त्यायलेच ओयखते," असं उत्तर मिळालं. माणूस भला आहे, माझी शंका त्याच्यावर नाही. पण उद्या कर्ज फेडायचं आपण सात जणींनी आणि चांदी कागदावर त्याची, हे मला मान्य नाही. तोड्यांच्या पावतीतही असंच झालं होतं.

बिल गटाच्या नावावर हवं. त्यावर वजन आणि शुद्धता दोन्ही हवं. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. काम सुरू करताना चांदी तोलायची, संपल्यावर दागिना आणि कानशीचा कीससुद्धा तोलायचा, आणि वहीत जिने घडवलं तिच्या नावापुढे लिहायचं. कीस विकून आलेले पैसे कुणाचे, यावरून परवा भांडण झालंच आहे.

बिलं बदलून घ्यायला सोमवारी मी आणि अध्यक्ष ताई व्यापाऱ्याकडे जाणार आहोत. कमीत कमी चार जणी बरोबर हव्यात. सकाळी आठला बसस्टँडवर. कोण कोण येतं ते आत्ताच सांगा.