एका बैलाचा पोळा

(कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात गणेशोत्सवानिमित्त केलेले भाषण)



कार्यकर्त्यांनी मला ‘लहानपणीची सुट्टी’ हा विषय दिला. मी बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमची खरी सुट्टी पोळ्याची. श्रावणातल्या अमावास्येला, गणपतीच्या चार-पाच दिवस आधी पोळा येतो. दिल्लीत त्या दिवशी शाळा भरते आणि आपली हजेरीही लागते, त्यामुळे इथल्या मुलांना त्याची फारशी ओळख नाही.

सुट्टी अर्थात शाळेला आणि बैलांना. घरात बाकी कुणालाच नसे! आदल्या संध्याकाळी अण्णा बैलांचे खांदे तूप-हळद लावून मळायचे आणि कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. सकाळी आम्ही भावंडे ओढ्यावर बैल धुवायचो. मग शिंगांना रंग, बेगड, नवी वेसण, कासरा, घुंगरमाळ, झूल. आई पहाटेपासून पुरणाला बसलेली. आजी मातीचे बैल करायची. त्यांची शिंगे वाळेपर्यंत हात लावू द्यायची नाही. दुपारनंतर वेशीत तोरणाखाली गावचे बैल जमत, मानकऱ्याची जोडी पुढे, बाकी मागे.

१९७२ साली मी चौथीत होतो. पाऊस आला नाही, ओढा कोरडा, कडबा संपलेला. पोळ्याच्या आधीच्या बाजारी अण्णा जोडी घेऊन गेले आणि एकटा सर्जा घेऊन परतले. गिऱ्हाइकाला तरणा राजाच हवा होता. म्हाताऱ्या सर्जाला मागणारा फक्त खाटीक होता, त्याला अण्णांनी दिला नाही.

पोळ्याला मी हटून बसलो. एका बैलाला वेशीत नेऊन हसे का करून घ्यायचे? अण्णा एवढेच म्हणाले, “एकटा असला म्हणून काय झालं? सण त्याचा हाय, तुझा न्हाई.” आणि कासरा माझ्या हातात दिला.

सर्जाला आड्यावरच्या दोन घागरींत धुतले. जुनीच झूल घातली. वेशीत पाहतो तर निम्मी जागा रिकामी. मी खाली मान घालून कडेला उभा राहिलो. तेवढ्यात गल्लीतले एक चुलते आपला एकटा बैल घेऊन आले आणि काही न बोलता सर्जाच्या शेजारी उभे राहिले. तोरणाखालून आमची जोडी गेली.

घरी आईने सर्जाचे पाय धुतले, ओवाळले आणि पुरणपोळी भरवली. पुरण त्याच्यापुरतेच होते. आम्ही रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी खाल्ली. धाकटी बहीण रडली, तेव्हा आजीने पुरणाचे पातेले तिला चाटायला दिले.

पुढच्या पावसाळ्यात अण्णांनी आणि त्या चुलत्यांनी सावड केली. एक दिवस त्यांचे रान, एक दिवस आमचे. सर्जाने आणखी दोन पेरण्या ओढल्या.