परदेशी सहाध्यायी आणि वर्गातले शिक्षण

परदेशी विद्यार्थी वर्गात येऊन बसला की संस्कृतींची ओळख आपोआप होते, असा एक सोयीचा समज आहे. प्रत्यक्षात नेपाळची मुले नेपाळच्या मुलांबरोबर मेसला जातात, स्थानिक मुले आपल्या गावाकडच्या पोरांत बसतात आणि तीन वर्षांत ओळख नावापलीकडे सरकत नाही. नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडले होते. दोन्ही गट बरोबरीच्या नात्याने वागले, काम सामायिक असले आणि संस्थेने पाठबळ दिले, तरच फरक पडतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे संस्था म्हणून पाहण्याची सुरुवात पुण्यात झाली. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याचे एकाकीपण रेक्टर डॉ. शां. ब. मुजुमदार यांच्या नजरेस पडले आणि त्यातून 1971 मध्ये ‘सिंबायोसिस’ उभी राहिली. 2021-22 मध्ये देशात सुमारे 170 देशांतले 47 हजारांच्या आसपास परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत नेपाळचे सर्वाधिक. मोठ्या शहरांच्या मानाने नांदेड-लातूरच्या वाट्याला यातले थोडेच येतात.

तरीही इथला वर्ग एकरंगी कधीच नव्हता. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू बोलणारी मुले आहेत. उदगीर, निलंगा, देवणीकडे कन्नड. किनवटच्या डोंगराळ भागात गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, नांदेड शहरात उर्दू आणि पंजाबी. घरची भाषा एक, पुस्तकाची दुसरी, अशा मुलांना शिकवण्याचा अनुभव सीमाभागातल्या शिक्षकाला असतो. परदेशी विद्यार्थ्यासाठी लागणारे कौशल्य याच जातीचे आहे. ते बाहेरून आणावे लागत नाही.

ते वापरायचे कसे, याचा एक धडा मराठवाड्यातच सापडतो. 17 सप्टेंबर 1948, म्हणजे मराठवाडा मुक्तीचा दिवस, ही तारीख वर्गाला द्यावी आणि त्या दिवशी कुठे कोणते साल चालू होते ते शोधायला सांगावे. मराठी पंचांग दाखवते शके 1870. नेपाळी विद्यार्थी विक्रम संवत 2005 सांगतो. येमेनचा किंवा नांदेडचाच मुस्लिम विद्यार्थी हिजरी 1367 काढतो. इथिओपियाचा कोणी असेल तर त्याच्या तेरा महिन्यांच्या कालगणनेत 1941 निघते. मग एखाद्याच्या घरातल्या जुन्या महसुली कागदावर आणखी एक आकडा सापडतो: फसली 1357. निजामाच्या राज्यात सारा याच सनाने वसूल होई. हिजरी वर्ष चंद्रावर, सुमारे 354 दिवसांचे, म्हणून ते ऋतूंतून सरकत जाते. पिकांच्या हंगामाला धरून राहणारे फसली वर्ष सौर. दोन्ही सनांत दहा वर्षांचे अंतर का पडले, याचे उत्तर त्यातच आहे. कोणा एकाला हे सगळे ठाऊक नसते, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याकडे विचारणे भाग पडते. आपले साल हेच खरे आणि बाकीची चमत्कारिक, हा समज तासाभरात ढिला होतो.

या तुलनेत वर्षातून एकदा होणारा वेशभूषेचा आणि खाद्यपदार्थांच्या स्टॉलचा कार्यक्रम फारच वरवरचा. त्यात परदेशी विद्यार्थी शोभेचा पाहुणा ठरतो. “तुमच्या देशात असंच असतं का?” हा प्रश्नही टाळावा, एका मुलाला आख्ख्या देशाचे वकीलपत्र देणे बरे नव्हे. “तुमच्या घरी कसं करतात?” असे विचारले तर त्याला मोकळेपणाने बोलता येते.

न बोललेल्या गोष्टी जास्त घोटाळा करतात. मान डोलावून दिलेला होकार परदेशी प्राध्यापकाला नकार वाटू शकतो. समजले नसतानाही “हो सर” म्हणणे इकडे अदब मानली जाते; काही देशांत गप्प बसणारा विद्यार्थी तयारी न करता आलेला समजला जातो. हे नियम पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून उघड करावेत, दोन्ही बाजूंचे.

याची गरज स्थानिक मुलांनाही तितकीच आहे. लातूरमध्ये नीटची तयारी करून सरकारी जागा न मिळालेली कित्येक मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला जातात. 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून परतलेल्यांत लातूर-नांदेडचे विद्यार्थीही होते. तिथल्या वर्गात परदेशी विद्यार्थी म्हणून हीच मुले बसलेली असतात.

राहिला मूल्यमापनाचा मुद्दा. ज्याला गुण नाहीत ते आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. तेव्हा महाविद्यालयांनी अंतर्गत गुणांतले थोडे तरी अशा मिश्र गटाच्या कामासाठी राखून ठेवावेत, आणि ते गटाला मिळून द्यावेत.