प्रीतीची खूण

ख्रिस्ती मनुष्याची आध्यात्मिक वाढ कशावरून ओळखावी, हा प्रश्न पहिल्या शतकापासूनचा आहे. उपासनेची नियमितता, शास्त्राचें ज्ञान, भाषणाची गोडी हीं सर्व गमकें दिखाऊ ठरण्याचा संभव असतो. योहानाच्या पहिल्या पत्रानें म्हणूनच निराळी कसोटी लावली: डोळ्यांना दिसणाऱ्या माणसाशीं वागणूक कशी आहे तें आधीं पाहावें, न दिसणाऱ्या देवाविषयींच्या भक्तीची गोष्ट मागाहून. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत ही कसोटी फार स्पष्टपणें पाहावयास मिळते.

सन १८८३ मध्यें रमाबाई इंग्लंडांत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहिल्या. कलकत्त्याच्या पंडितांनीं 'सरस्वती' म्हणून गौरविलेल्या रमाबाई केवळ वादानें वश होण्यासारख्या नव्हत्या. त्यांचें मन हलविलें तें एका दृश्यानें. लंडनच्या फुलम भागांत त्या भगिनींचें एक आश्रयगृह होतें. समाजानें टाकलेल्या, पतित म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रियांची तेथें मायेनें शुश्रूषा होत असे. हें सर्व कशासाठीं, असें रमाबाईंनीं विचारतां त्यांना विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची व येशूची भेट वाचून दाखविण्यांत आली. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांचा बाप्तिस्मा झाला.

परंतु बाप्तिस्मा म्हणजे वाढ नव्हे. आपल्या आत्मनिवेदनांत रमाबाईंनींच पुढें सांगितलें आहे कीं, पहिलीं जवळ जवळ आठ वर्षें त्यांना ख्रिस्ताचा धर्म सांपडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सांपडला नव्हता. किती नामधारी ख्रिस्ती इतक्या प्रांजळपणें बोलतील?

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत निघालेलें शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीं होतें. त्यांचें सोंवळेंहि तेथें राखलें जाई. सन १८९३ मध्यें, सदन पुण्यास असतां, धर्मांतराचा वाद माजला. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनीं अंग काढून घेतलें, पुष्कळ पालकांनीं मुली परत नेल्या. पालकांची धास्ती अगदींच अनाठायीं होती, असें निःपक्षपाती मनुष्य म्हणणार नाहीं.

नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनीं तारुण्यांत दुष्काळांतच आईबाप व वडील बहीण गमावलीं होतीं. उपाशी पोटाची ओळख त्यांना पुस्तकांतून करून घ्यावयाची नव्हती. त्या मध्य प्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगामुळें इतक्याजणींना ठेवण्याची परवानगी मिळेना, म्हणून केडगांवच्या शेतांत त्यांची सोय करावी लागली. आतां कोण कोणत्या जातीची, हा प्रश्नच उरला नव्हता. कुळवंत, शहाण्या, शिकूं इच्छिणाऱ्या विधवेवर माया करणें त्या मानानें सोपें असतें. खरजेनें भरलेल्या, अन्न लपवून ठेवणाऱ्या, उपकार न जाणणाऱ्या दुष्काळी पोरीवर ती करणें आणि वर्षानुवर्षें करीत राहणें, हें काम निराळें.

केडगांवास पुढें आंधळ्यांसाठीं व वृद्धांसाठींहि सदनें झालीं. त्यांतील कृपासदन हें समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं होतें. फुलमला पाहुणी म्हणून पाहिलेलें काम रमाबाई आतां स्वतःच्या अंगणांत करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. केडगांवचें मुक्तिसदन आजहि निराश्रित स्त्रियांना व मुलांना आसरा देत आहे.