बर्लिनचे मास्तर, बडोद्याचे संग्रहालय

बडोद्याच्या कमाठीबागेतले संग्रहालय ज्यांनी लहानपणी पाहिले, त्यांना तिथली इजिप्तची ममी हटकून आठवते. पण 1934 ते 1939 या काळात तिथे संचालक कोण होते, हे विचारा. जुने बडोदेकरही गप्प होतील. ते होते डॉ. अर्न्स्ट कोन-वीनर. जर्मन ज्यू, कलेच्या इतिहासाचे अभ्यासक, आणि नाझींमुळे देशाला मुकलेले गृहस्थ.

त्यांचा जन्म 1882 चा, पूर्व प्रशियातल्या टिल्झिट गावचा. हायडलबर्गला डॉक्टरेट मिळवली, पण विद्यापीठातली प्रतिष्ठेची प्राध्यापकी काही वाट्याला आली नाही. बर्लिनमध्ये ते प्रौढांच्या शिक्षणसंस्थांमधून शिकवत राहिले. समोर बसणारे लोक नोकरीधंदा सांभाळून, केवळ हौसेने आलेले. अशा माणसाला तुम्ही पांडित्याने दिपवू शकत नाही. कंटाळा आला की तो पुढच्या वेळी येतच नाही. 1910 मध्ये त्यांनी कलेतल्या शैली कशा घडत, बदलत गेल्या यावर एक लहानसे पुस्तक लिहिले, तेही सामान्य वाचकांसाठी निघणाऱ्या स्वस्त मालेत. ते चांगले खपले, पुन्हापुन्हा छापले गेले. पंडित मंडळी अशा पुस्तकांकडे जरा नाक मुरडून पाहतात. मला मात्र कोन-वीनरांची खरी ओळख या मास्तरकीतच दिसते.

म्हणून त्यांची विद्वत्ता पातळ होती असे कोणी समजू नये. 1924-25 मध्ये ते सोव्हिएत मध्य आशियात गेले. समरकंद, बुखारा इथल्या मशिदी, मदरसे, मकबरे त्यांनी पाहिले, मोजले, छायाचित्रे घेतली. त्यातून 1930 मध्ये ‘तुरान’ हा ग्रंथ निघाला. पुढे यातल्या कित्येक इमारतींची मोठी दुरुस्ती झाली. त्याआधी त्या पडक्या भिंती नि निखळलेल्या फरशा कशा होत्या, हे पाहायचे तर अशीच जुनी छायाचित्रे कामी येतात.

‘तुरान’च्या एक वर्ष आधी, 1929 मध्ये, त्यांनी ज्यू कलेचा इतिहास लिहिला होता. हे धाडसाचे होते. मूर्ती घडवू नये अशी मोझेसची आज्ञा, तेव्हा ज्यूंची म्हणून कला असणार कुठून, असे भले भले विद्वान म्हणत. कोन-वीनरांनी प्राचीन काळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा पट मांडला. आणि गंमत पाहा, तीनच वर्षांनी, 1932 च्या अखेरीस, सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातले एक सिनेगॉग सापडले. भिंतीच्या भिंती बायबलमधल्या प्रसंगांनी रंगवलेल्या, आणि त्यांत चक्क माणसे! सगळा वाद नव्याने मांडावा लागणार होता. पण अवघ्या काही आठवड्यांत, 30 जानेवारी 1933 ला, हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा झाला, मे महिन्यात बर्लिनच्या चौकात पुस्तके जळाली. पन्नाशी ओलांडलेल्या मास्तरांनी इंग्लंडची वाट धरली.

तिथून बडोदे. या नेमणुकीकडे एका दयाळू राजाने निराश्रिताला दिलेला आसरा म्हणून पाहण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. बडोदे संस्थानचे सयाजीराव महाराज दयेपोटी खाती सोपवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ग्रंथालयांचे जाळे विणायला अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ आणले. संग्रहालय हा त्याच शिक्षणाचा एक भाग. परदेशच्या प्रवासांतून महाराजांनी वस्तू जमवल्या. 1894 मध्ये संग्रहालय उघडले. शेजारी चित्रशाळा बांधली. तिच्यासाठी युरोपीय चित्रे निवडली लंडनच्या मॅरियन स्पीलमान या समीक्षकाने, आणि पहिल्या महायुद्धामुळे ती अडकून पडल्याने चित्रशाळा उघडायला 1921 उजाडले.

आता अशा संग्रहाचे काय होते? जपानी, तिबेटी, इजिप्शियन, युरोपीय, गुजरातेतली शिल्पे, सगळे एका छपराखाली. पाहणारा दिपतो, पण हाती काही लागत नाही. इथे गरज होती ती पूर्वेची नि पश्चिमेची कला दोन्ही जाणणाऱ्या आणि अडाण्यालाही समजावून सांगता येणाऱ्या माणसाची. संग्रहाची नवी मांडणी करण्याचे काम कोन-वीनरांकडे आले. ज्याने आशियाच्या कलेची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले, संध्याकाळच्या वर्गांत कारकुनांना शैलीतले फरक दाखवले, त्याच्यासाठी याहून योग्य जागा युरोपातही सापडली नसती. बर्लिनने ज्याला कधी मोठे पद दिले नाही, त्याच्या हाती बडोद्याने अख्खे संग्रहालय दिले. मला यात महाराजांची पारख दिसते, उपकार नाही.

कोन-वीनर आले त्याच 1934 साली बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरले होते. दरबाराची मराठी, शहराची गुजराती, कचेऱ्यांतली इंग्रजी. त्यात हे जर्मन बोलणारे साहेब. कमाठीबागेत त्यांचे कसे निभले असेल, याची कल्पना करायला मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

6 फेब्रुवारी 1939 ला सयाजीराव गेले. त्याच वर्षी कोन-वीनरांनीही बडोदे सोडले आणि अमेरिका गाठली. न्यूयॉर्कला इराणी कलेच्या अभ्याससंस्थेत ते शिकवू लागले. पुन्हा वर्ग, पुन्हा मास्तरकी. दोनच वर्षांत, 1941 मध्ये, तिथेच त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न.

बडोद्यात पुढे हर्मान गोएत्झ हे दुसरे जर्मन विद्वान संचालक झाले. ते ज्यू नव्हते, पण नाझी राजवट त्यांनाही मानवली नाही. 1943 पासून त्यांनी संग्रहालयाचे बुलेटिन काढले, भारतीय चित्रकलेवर मोलाचे लिहिले. बडोद्याच्या संग्रहालयाचा विषय निघाला की नाव त्यांचेच निघते, आणि ते रास्तच आहे. फक्त त्या नावाआधी पाच वर्षांचा एक कारभार झाला होता, एवढे बडोद्याच्या इतिहासकारांनी दोन ओळींत का होईना नोंदवावे.