शब्दाची फोड आणि शुद्ध अक्षर
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



ज्या शब्दाच्या नावाने देवळाचे काम होते, तो शब्दच पुष्कळ ठिकाणी चुकलेला असतो. पावत्यांवर, फलकांवर 'जिर्णोध्दार' असे सर्रास दिसते. कागद बदलता येतो. पाथरवटाने छिन्नीने कोरलेले अक्षर पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते.

म्हणून कोरण्यापूर्वी शब्द तोंडाने सावकाश फोडावा : जीर्-णोद्-धार. मूळ शब्द 'जीर्ण', तेव्हा 'जी' दीर्घच. मधल्या तुकड्याच्या शेवटी 'द्' येतो, 'धा' त्यानंतर. म्हणजे द आधी, ध मागून : 'द्ध'. शुद्ध, श्रद्धा, सिद्धेश्वर यांचेही तसेच.

रफाराचेही असेच आहे. र् ज्या अक्षराच्या आधी उच्चारला जातो, त्या अक्षराच्या डोक्यावर रफार. आ-शीर्-वाद, म्हणून रफार 'वा'वर. 'आर्शिवाद' लिहिले तर वाचावे लागेल आर्-शि-वाद, आणि असा आशीर्वाद कोणी देत नाही!

ऱ्हस्व-दीर्घाचे भयही फोडीने कमी होते. 'ग-रीब' म्हणताना 'री' लांबते. 'ग-रि-बा-ला' म्हणताना आखडते. तसेच मूल, पण मुलाला. वीट, पण विटेला. शरीर, परीक्षा असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र दीर्घच राहतात : शरीराला, परीक्षेला. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांतही हेच आहे.

वारकऱ्यांना अक्षरे मोजणे नवे नाही. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६, ६, ६ व ४ अक्षरे असतात. शाळा न पाहिलेली माणसेही टाळावर ती बिनचूक म्हणत आली.

आता मुख्य गोष्ट. देणगीदारांच्या पाटीवर पुष्कळांचे नाव आयुष्यात एकदाच दगडावर येते. मोलमजुरी करून अकरा रुपये देणाऱ्या माउलीचे नावही त्यांत असते. तिला वाचता येत नसेल, पण तिची नातवंडे वाचतील. सातबाऱ्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, असे झाले की वारसांना किती हेलपाटे पडतात, हे घरोघरी ठाऊक आहे. देवाच्या दारी तरी तसे होऊ नये.

तेव्हा यादी करणाऱ्याने नाव विचारावे, फोडून लिहावे आणि ज्याचे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मगच पाथरवटाच्या हाती द्यावे. देऊळ दगडांनी उभे राहते, पण कोणी उभे केले ते अक्षरेच सांगतात.