घरचा निर्णय, रुग्णाचा हक्क

नेरुळला लागून, खाडीकाठी वसलेलं सारसोळे हे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. आज इथून दवाखाना लांब नाही. पण उपचार कुठे, कधी आणि किती दिवस घ्यायचे, हे एकटा रुग्ण क्वचितच ठरवतो. घरातली वडीलधारी माणसं, शेजारचा अनुभव, हातातले पैसे, बुडणारा रोज, या सगळ्यांवरून ते ठरतं.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. साध्या क्षयरोगाचे उपचार साधारण 6 महिने चालतात. पण लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, या धास्तीनं तरुण मुलीचा आजार लपवला जातो. औषध मध्येच सोडलं, तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

हाच समाज आधारही होतो. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. आपल्याच गावची बाई सांगते म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसला. बाळंतपणं सुरक्षित झाली, कुष्ठरोगाची भीती ओसरली.

म्हणून श्रोतेहो, घरात कुणी आजारी असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐका. आपल्या भागातल्या आशा आरोग्यसेविकेशी बोला, डॉक्टरांकडे सोबत जा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी नक्की करून घ्या.