नदी खाली गेली, तर आधी पंप कोणाचा थांबणार?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



टंचाईचं साल आलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तहसीलचा माणूस कागद घेऊन येतो आणि आपली विहीर अधिग्रहित होते. पाणी गावाच्या तोंडी जाणार असतं, म्हणून आपण देतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच आठवड्यात नदीच्या वरच्या अंगाला एखाद्या कारखान्याचा पंप चालू असेल, तर तसा कागद त्याच्या दारात जातो का? आज एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे. त्यासाठी एक लांबचं उदाहरण घेऊ. लांबचं आहे, पण गाठ तीच आहे.

अमेरिकेत सस्क्वेहाना नावाची नदी आहे. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या तीन राज्यांतलं पाणी घेऊन ती चेसापीकच्या खाडीला मिळते. तिथे पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांचा नाही, वर्षभर पडतो. तरी उन्हाळा सरता सरता लहान ओढे तळाला जातात. 2008 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात नैसर्गिक वायूसाठी कंपन्यांची झुंबड उडाली. हा वायू मैल-दीड मैल खोल, मार्सेलस नावाच्या खडकात कोंडलेला आहे. आधी सरळ खाली भोक पाडायचं, मग ते आडवं वळवायचं, आणि वाळू व रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबानं आत सोडून खडक फोडायचा, अशी ती रीत.

पाणी किती लागतं? एका विहिरीला सरासरी दीड कोटी लिटरहून जास्त. आपल्या हिशेबात बसवू. दहा हजार लिटरचे दीड हजारावर टँकर. किंवा कपाशीला बोंडं भरताना दोन इंचाचं एक संरक्षित ओलित द्यायचं म्हटलं, तर पाऊणशे एकराचं पाणी. शेतात दिलेल्या पाण्यातलं काही तरी मुरतं, झिरपतं, खालच्या विहिरीला लागतं. या पाण्याचा मोठा भाग खडकातच राहतो. जो थोडा वर येतो, तो समुद्राहून खारट असतो.

रेषा आधी, परवाना नंतर

या नदीसाठी तीन राज्यं आणि केंद्र सरकार यांच्या करारातून 1971 साली एक नदीखोरे आयोग स्थापन झाला होता. 2008 मध्ये त्यानं ठरवलं की वायूच्या कामाला थेंबभर पाणी घ्यायचं असलं तरी परवानगी लागेल. पाणी उचलण्याच्या प्रत्येक जागेला वेगळी परवानगी, रोजच्या उपशाला मर्यादा, पंपावर मीटर. आणि बहुतेक जागांच्या परवान्यात एक आकडा लिहिलेला: नदीमापक केंद्रावरचा प्रवाह या आकड्याखाली गेला की पंप बंद. पाणी पुन्हा रेषेवर येऊन 48 तास टिकलं, तरच पंप सुरू. डिसेंबर 2012 मध्ये हे धोरण आणखी बारीक केलं. आता महिन्यागणिक रेषा वेगळी असते, आणि ओढा जितका लहान तितकी ती कडक.

यातली मेख ध्यानात घ्या. पंप कधी थांबायचा हे दुष्काळ पडल्यावर बैठकीत ठरत नाही. त्या वेळी बैठक घेतली तर काय होतं ते आपण पाहिलं आहे. ज्याचा वशिला त्याचं पाणी. तिथे आकडा परवान्यातच आहे. साहेबाची मर्जी विचारावी लागत नाही, मोर्चाही काढावा लागत नाही.

2011 आणि 2012 साली प्रवाह खाली गेले तेव्हा अनेक ठिकाणचा उपसा असाच थांबला. 2012 साली तर एप्रिलमध्येच थांबवावा लागला. मग वायूचं काम बुडालं का? नाही. कंपन्यांनी नदी भरून वाहताना पाणी घेऊन तळ्यांत साठवलं, वर आलेलं खारं पाणी पुढच्या विहिरीला वापरलं. पाणी फुकट आणि केव्हाही मिळत होतं तोवर साठवणुकीचा खर्च कोण करणार?

ही रेषा सगळं औषध नाही. पाणी कधी घ्यायचं एवढंच ती सांगते; घाण पाण्याचा प्रश्न वेगळा उरतो. शेजारच्या डेलावेअर नदीच्या खोऱ्यात तर 2021 साली खडक फोडण्याच्या या कामावर बंदीच आली.

आपल्याकडे काय?

2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रमांक होता, शेती त्याच्या मागे. 2011 मध्ये तो क्रम बदलला आणि शेती दुसरी आली. चांगलं झालं. पण नंबर लावला म्हणून पंप थांबत नाही. पौषात नाल्याची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा कोणता पंप कोणत्या आकड्यावर बंद करायचा, हे लिहिलेलं नसेल तर दुसरा क्रमांक कागदावरच राहतो.

म्हणून आमचं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. नदी, नाला किंवा धरण यांतून कारखान्याला, वीजकेंद्राला, खाणीला पाणी द्यायचं तर परवान्यातच रेषा लिहा. प्रवाहाचा आणि उपशाचा आकडा दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि ज्याला बारमाही पाणी हवं त्यानं श्रावण-भादव्यात, नदी दुथडी असताना, स्वतःच्या तळ्यात साठवून ठेवावं.

आता एक कडू गोष्ट, आपल्याच घरातली. धरणाच्या फुगवट्यात आणि नाल्याच्या डोहात मोटारी कोणाच्या आहेत? आपल्यातल्याच काहींच्या आहेत. वरच्या गावानं डोह उपसला की खालच्या गावची ज्वारी हुरड्यावर येण्याआधीच सुकते. रेषा मागायची तर ती आपल्या मोटारीलाही लागू होईल, हे आजच कबूल करू. ज्याला स्वतःची मोटार बंद करता येत नाही, त्यानं कारखान्याचा पंप बंद करा म्हणू नये.

गावी गेलात की एक काम करा. नाल्यावरच्या पुलाच्या खांबावर रंगानं फुटाच्या खुणा करा. दर सोमवारी पाणी कुठे आहे ते वहीत लिहा. शाळेतली पोरंही हे काम करतील. अशा खुणेनं प्रवाहाचं नेमकं माप निघत नाही, पण नाला कधी आणि किती भराभर उतरला हे तरी दिसतं. दोन-तीन वर्षांची वही हातात असली, तर रेषा कुठे आखायची हे आपण सांगू शकू. वही नसेल, तर तो आकडा दुसराच कोणी सांगेल आणि आपल्याला तो मानावा लागेल.